हुबेहूब नक्कल

(लग्नसमारंभांच्या आणि चित्रपटांच्या तबकड्या घराघरांत जपून ठेवलेल्या असतात. काळाच्या ओघात या तबकड्या खराब होतात. त्यांतील चित्राचा दर्जा जराही कमी होऊ न देता त्यांची नक्कल कशी करावी, हे प्रस्तुत पाठात सोप्या भाषेत सांगितले आहे.)

विद्यार्थीमित्रांनो, तुमच्या घरातील कपाटाचा वरचा कप्पा एकदा उघडून पाहा. जुनी कागदपत्रे, छायाचित्रांचे अल्बम आणि औषधांच्या रिकाम्या डब्या यांच्यामध्ये तुम्हांला काही चकचकीत तबकड्या सापडतील. आपण त्यांना सीडी किंवा डीव्हीडी म्हणतो. एखादीवर पेनाने लिहिलेले असेल, 'फुफूची शादी'. दुसरी एखाद्या जुन्या चित्रपटाची असेल. तिसरीवर काहीच लिहिलेले नसेल.

समजा, फुफूच्या लग्नाच्या त्या तबकडीत तुमचे दादाजान आहेत. ते मंडपात पाहुण्यांचे स्वागत करत आहेत, हसत आहेत, कोणाला तरी मोठ्याने हाक मारत आहेत. आज दादाजान हयात नाहीत. छायाचित्रात त्यांचा चेहरा दिसतो. पण त्यांचा आवाज कोठे आहे? तो फक्त त्या तबकडीत आहे. घरात तशी दुसरी तबकडी नाही.

आता सांगा, ती तबकडी खराब झाली तर?

हा प्रश्न फक्त तुमच्या-माझ्या घराचा नाही. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' हा चित्रपट प्रदर्शित झाला. अर्देशिर इराणी यांनी काढलेला हा भारतातील पहिला बोलपट. पडद्यावरची माणसे बोलतात, गातात, हे पाहण्यासाठी लोकांची झुंबड उडाली. आज हा चित्रपट आपल्याला पाहता येत नाही. त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेई आणि पडून राहिली तर आपोआप कुजत जाई. जुने चित्रपट जतन करण्यासाठी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते 1964 साली, म्हणजे 'आलम आरा'नंतर तेहतीस वर्षांनी. देशाच्या पहिल्या बोलपटाची ही गत झाली, तर कपाटातल्या एकुलत्या एका तबकडीचा काय भरवसा?

म्हणूनच तिची नक्कल करून ठेवली पाहिजे. नक्कल हा शब्द तुमच्या परिचयाचा आहे. तो उर्दूतही आहे. मात्र ही नक्कल कशीतरी करून भागत नाही. ती हुबेहूब असावी लागते. 'हुबेहूब' हा मराठी शब्दही उर्दूतल्या 'हू-ब-हू'चाच भाऊ आहे. अशी हुबेहूब नक्कल कशी होते, हे समजण्यासाठी आधी तबकडीच्या पोटात काय असते, ते पाहू.

तबकडीच्या पोटात

सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिन्ही तबकड्या दिसायला सारख्या. प्रत्येकीचा व्यास 12 सेंटिमीटर आणि जाडी 1.2 मिलिमीटर. पण त्यांच्या पोटात फरक आहे. सीडी 1982 साली बाजारात आली. तिच्यावर चित्रपट साठवण्याची व्हीसीडी नावाची पद्धत 1993 साली ठरली. डीव्हीडी 1996 साली जपानमध्ये आली आणि ब्लू-रे 2006 साली.

तबकडीवर मध्यापासून कडेपर्यंत गोल गोल फिरत जाणारी एकच अखंड वाट असते. डीव्हीडीच्या वाटेची दोन वळणे एकमेकींच्या इतकी जवळ असतात, की माणसाच्या एका केसाच्या जाडीत सुमारे शंभर वळणे मावतील. ही वाट सरळ उलगडली, तर तिची लांबी सुमारे 12 किलोमीटर भरेल! या वाटेवर अतिसूक्ष्म खड्डे असतात. लेसरचा किरण त्यांच्यावरून सरकतो आणि खड्ड्याचा काठ कोठे आला, हे टिपतो. त्यावरून यंत्राला 0 आणि 1 हे अंक कळतात. घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या तबकडीत खड्डे नसतात. तिच्यात रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि लेसरने त्यावर खुणा उमटवलेल्या असतात. लग्नाच्या तबकड्या बहुधा अशाच असतात.

म्हणजे तबकडीत चित्र नसते, आवाजही नसतो. तिच्यात असते ती अंकांची एक लांबलचक रांग. दादाजानचे हसूसुद्धा तेथे अंकांच्या रूपात आहे. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. पुढचे सारे तिच्यावरच अवलंबून आहे.

तबकडी कशी खराब होते?

तबकडीला तीन शत्रू आहेत: ओरखडा, ऊन आणि दमट हवा. लिहिलेल्या तबकडीतले रंगद्रव्य उन्हाने फिके होते. दमट हवेने आतला चकाकणारा धातूचा थर खराब होऊ शकतो. ओरखड्याची तर आपल्याला सवयच आहे. पण एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. सीडीची नाजूक बाजू ही चकचकीत बाजू नव्हे, तर नाव लिहिलेली बाजू आहे. अंक असलेला थर त्या बाजूला अगदी लगेच खाली असतो. तेथे टोकदार पेनाने लिहिले, तर तो थरच खरवडला जातो. डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो.

तुम्ही म्हणाल, "आमच्या तबकडीवर ओरखडे आहेत, तरी ती छान चालते." खरे आहे. यामागे एक सुंदर गणित आहे. समजा, मी तुम्हांला 4, 7 आणि 5 हे तीन अंक लिहून दिले आणि शेवटी त्यांची बेरीज 16 लिहिली. पुढे कागदावर पाण्याचा थेंब पडून 5 हा अंक पुसला गेला. तुम्ही तो शोधून काढाल ना? 16 मधून 4 आणि 7 वजा केले, की 5 मिळाले. तबकडीतही असेच जादा अंक लिहिलेले असतात. त्यांची पद्धत अर्थातच याहून पुष्कळ अवघड आहे. आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन गणितज्ञांनी ती 1960 साली मांडली. तिच्यामुळे सीडीवरील सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची खराबी यंत्र स्वतःच भरून काढते.

पण या मदतीला मर्यादा आहे. कागदावरचा एक अंक पुसला, तर तो शोधता येतो. दोन अंक पुसले, तर बेरीज पाहूनही ते सापडत नाहीत. तबकडीचेही तसेच आहे. ती आतून झिजत असते, यंत्र चुका सावरत असते आणि आपल्याला काहीच कळत नाही. मग एके दिवशी मर्यादा ओलांडली जाते. चित्राचे चौकोन चौकोन होतात, आवाज तुटतो आणि तबकडी अडकून बसते. तेव्हा ध्यानात ठेवा: आज तबकडी चालते, याचा अर्थ ती उद्याही चालेल असा नाही. नक्कल करण्याची योग्य वेळ म्हणजे तबकडी चालत असतानाची.

दर्जा कोठे हरवतो?

पूर्वी घरोघरी व्हिडिओ कॅसेट असत. कॅसेटची नक्कल केली, की चित्र थोडे पुसट होई. त्या नकलेची नक्कल आणखी पुसट. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेले, की अक्षरे फिकी होत जातात, तसाच हा प्रकार. त्यामुळे नक्कल म्हणजे दर्जा उतरणारच, अशी लोकांची समजूत झाली.

तबकडीच्या बाबतीत ही समजूत चुकीची आहे. चित्रकाराने चेहरा पाहून चेहरा काढला, तर थोडा फरक पडतो. पण तुम्ही वहीतला पंधराचा पाढा दुसऱ्या वहीत उतरवला, तर? अंक नीट उतरवले असतील, तर दुसऱ्या वहीतला पाढा पहिल्याइतकाच अचूक असतो. त्यावरून तिसऱ्या, चौथ्या, शंभराव्या वहीतही तो तसाच उतरतो. अंकांची नक्कल पुसट होत नाही. ती एक तर बरोबर असते, नाही तर चूक.

मग घरी केलेल्या नकला खराब का दिसतात? कारण लोक नक्कल करताना फाइल लहान करतात. ती नक्कल नसते, तो संक्षेप असतो. हा फरक समजण्यासाठी थोडे गणित करू.

डीव्हीडीवरील एका चित्रात आडवे 720 आणि उभे 576, म्हणजे एकूण 4,14,720 ठिपके असतात. एका सेकंदात अशी 25 चित्रे येतात. एका ठिपक्यासाठी सरासरी दीड बाइट जागा धरली, तर एका सेकंदाला सुमारे 1 कोटी 55 लाख बाइट लागतात. साध्या डीव्हीडीत 470 कोटी बाइट मावतात. भागाकार करून पाहा. अशा रीतीने तबकडीत चित्रपट मावेल फक्त पाच मिनिटांचा!

प्रत्यक्षात तिच्यात दोन तासांचा चित्रपट बसतो. तो कसा? तबकडी तयार करतानाच चित्र दाबून लहान केलेले असते. याला कॉम्प्रेशन म्हणतात. मागची भिंत दहा चित्रांत तशीच असेल, तर ती दहा वेळा लिहीत नाहीत. जे बारकावे डोळ्यांना सहसा जाणवत नाहीत, ते गाळून टाकतात. असे करत करत मूळ चित्र सुमारे चोविसाव्या हिश्श्यात आणतात.

म्हणजे तुमच्या हातातील चित्र एकदा गाळलेले आहे. तुम्ही ते पुन्हा लहान केले, तर पुन्हा गाळले जाईल. दादाजानच्या शेरवानीवरची बारीक नक्षी पहिल्या वेळी थोडी अस्पष्ट झाली असेल. दुसऱ्या वेळी ती नाहीशी होईल. आणि एकदा गाळलेले पुन्हा मिळत नाही. काही लोक फाइल मोठी करून चित्र सुधारेल अशी आशा करतात. तेही व्यर्थ आहे. रबरी फुगा फुगवला, की त्यावरचे चित्र मोठे होते. पण चित्रात नसलेली मिशी काही उगवत नाही.

तेव्हा नियम साधा आहे. अंक जसेच्या तसे उतरवा, पुन्हा दाबू नका. जागेची चिंता नको. एक टेराबाइटच्या एका हार्ड डिस्कवर पूर्ण भरलेल्या दोनशेहून अधिक साध्या डीव्हीडी जशाच्या तशा मावतात.

नक्कल करण्याची रीत

आता प्रत्यक्ष कृती पाहू. आजकालच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये तबकडी घालण्याची सोय नसते. त्यासाठी यूएसबीने जोडता येणारा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो. तुमची तबकडी ब्लू-रे असेल, तर ड्राइव्हही ब्लू-रेचा लागेल. हे काम घरातल्या मोठ्या माणसाच्या मदतीने करा.

प्रथम तबकडी कडांना धरून उचला. मऊ, स्वच्छ सुती कापडाने ती पुसा. पुसताना हात गोल फिरवू नका. मध्यापासून कडेकडे सरळ पुसत जा. गोल ओरखडा वाटेच्या दिशेनेच जातो आणि एकाच ठिकाणचे पुष्कळ अंक खातो. सरळ ओरखडा वाटेला आडवा छेदतो, म्हणून त्याने नुकसान कमी होते.

नंतर तबकडीतील एकेक फाइल उचलण्याऐवजी संपूर्ण तबकडीची एकच 'प्रतिमा' तयार करा. प्रतिमा म्हणजे तबकडीतील सर्व अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच क्रमाने उतरवलेली एक मोठी फाइल. डीव्हीडीच्या अशा फाइलीला आयएसओ म्हणतात. व्हीसीडीची रचना वेगळी असते, म्हणून तिच्यासाठी बिन आणि क्यू अशी दोन फाइलींची जोडी करतात. विंडोजवर चालणारी 'इमगबर्न' ही मोफत प्रणाली हे काम करते. प्रतिमेत चित्रपटाबरोबर सुरुवातीची यादी, प्रकरणे आणि उपशीर्षके हे सारे जसेच्या तसे येते.

वाचनाची घाई करू नका. चारपट वेगाने साधी डीव्हीडी साधारण पाव तासात उतरते. जुनी तबकडी कमी वेगाने वाचणेच बरे.

आणखी एक अडचण येते, ती आधीच सांगतो. पुष्कळ पेनड्राइव्ह 'फॅट32' या पद्धतीने आखलेले असतात. त्यांत चार गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल मावत नाही. जागा रिकामी असूनही संगणक नकार देतो. अशा वेळी 'एक्सफॅट' पद्धतीने आखलेली डिस्क वापरा.

कोणी विचारील, "मला यादी वगैरे नको, फक्त चित्रपट एका फाइलीत हवा. मग दर्जा जाणार का?" जाणार नाही. त्यासाठी डबा बदलायचा, भाजी पुन्हा शिजवायची नाही. स्टीलच्या डब्यातली भाजी काचेच्या डब्यात ओतली, तर चव बदलत नाही. तसेच डीव्हीडीतील चित्र आणि आवाज न बदलता एमकेव्ही नावाच्या फाइलीत ठेवता येतात. 'एफएफएमपेग' या मोफत प्रणालीत 'कॉपी' हा पर्याय निवडला, की ती फक्त डबा बदलते. या कामाला दोन तास लागत नाहीत, काही मिनिटे पुरतात. फार वेळ लागू लागला, तर समजा की भाजी पुन्हा शिजू लागली आहे!

ताळा पाहणे

गणित सोडवल्यावर तुम्ही ताळा करून पाहता. नकलेचाही ताळा करावा लागतो. पूर्वी कातिब पुस्तकाची नक्कल करत. नक्कल पूर्ण झाली, की ती मूळ प्रतीशी ताडून पाहत. आपल्याकडे जुन्या कागदपत्रांच्या नकलेवर 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा मारत. मूळ कागद जसा आहे तशीच ही नक्कल आहे, असा त्याचा अर्थ. हे तीनही शब्द तुम्हां उर्दू जाणणाऱ्यांना ओळखीचे वाटतील.

470 कोटी बाइट डोळ्यांनी कोण ताडून पाहणार? ते काम संगणक करतो. कसे, ते एका उदाहरणाने पाहू. 7, 3, 9, 4 या अंकांची बेरीज 23. कोणी चुकून 7, 3, 8, 4 लिहिले, तर बेरीज 22 येते आणि चूक पकडली जाते. पण कोणी 7, 9, 3, 4 असा क्रम बदलला, तर? बेरीज 23 च राहते. म्हणून प्रत्येक अंकाला त्याच्या स्थानाने गुणा. पहिल्या रांगेसाठी 7 + 6 + 27 + 16 = 56. क्रम बदललेल्या रांगेसाठी 7 + 18 + 9 + 16 = 50. चोर सापडला!

संगणकाचा ताळा याहून पुष्कळ कडक असतो. त्याच्या 'शा-256' नावाच्या पद्धतीत कितीही मोठ्या फाइलीचा ताळा 64 चिन्हांत येतो. फाइलीतला एक अंक बदलला, तरी ताळा पार बदलून जातो. म्हणून तबकडी दोनदा वाचा आणि दोन्ही प्रतिमांचे ताळे जुळवून पाहा. ते जुळले, म्हणजे दोन्ही वेळा अंक सारखेच उतरले. हा ताळा एका वहीत लिहून ठेवा. पाच वर्षांनी पुन्हा काढलेला ताळा वहीतल्या ताळ्याशी जुळला, तर तुमची नक्कल अजून हुबेहूब आहे, हे निश्चित समजा. शेवटी फाइल चालवून सुरुवात, मध्य आणि शेवट डोळ्यांनीही पाहा.

तबकडी आधीच खराब असेल, तर निराश होऊ नका. 'डीडीरेस्क्यू' ही मोफत प्रणाली आधी चांगला भाग उतरवून घेते आणि खराब भाग मागे ठेवते. मग ती खराब जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. कोठपर्यंत वाचले, हेही ती लिहून ठेवते. एका ड्राइव्हने न वाचलेला भाग कधी कधी दुसरा ड्राइव्ह वाचतो. थोडा भाग गेलाच, तरी बाकीचा चित्रपट हाती लागतो.

नकला ठेवाव्यात कोठे?

एकच नक्कल करून ती त्याच कपाटात ठेवली, तर फारसा उपयोग नाही. पावसाळ्यात घरात पाणी शिरले, तर अस्सल आणि नक्कल दोन्ही बरोबरच भिजतील. जाणकार लोक 3-2-1 हा नियम सांगतात. एकूण 3 प्रती असाव्यात. त्या 2 वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. त्यांपैकी 1 प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. मूळ तबकडी तुमच्या कपाटात, एक नक्कल घरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी नक्कल दुसऱ्या मोहल्ल्यात राहणाऱ्या खालाच्या घरी. झाला नियम पूर्ण!

हार्ड डिस्कही अमर नाही. वर्षातून एकदा ती संगणकाला जोडा आणि ताळे तपासा. डिस्क जुनी झाली, की नव्या डिस्कवर सर्व उतरवा. अंकांची नक्कल पुसट होत नाही, म्हणून हे कितीही वेळा करता येते. नक्कल झाली, तरी मूळ तबकडी फेकू नका. ती उभी, तिच्या डबीत, उन्हापासून दूर ठेवा.

आपले आणि परक्याचे

आता एक महत्त्वाची गोष्ट. फुफूच्या लग्नाची तबकडी आपल्या घरची आहे. तिच्या नकला करून नातेवाइकांना दिल्या, तर सर्वांना आनंदच होईल. पण विकत आणलेला चित्रपट आपला नसतो. तबकडी आपली असते. चित्रपट मात्र ज्यांनी बनवला त्यांचा असतो. त्यात लेखक, गायक, वादक, कॅमेरामन अशा शेकडो लोकांचे कष्ट असतात. आपल्या देशात 1957 सालचा कॉपीराइट कायदा या कष्टांचे रक्षण करतो. अशा चित्रपटाच्या नकला करून वाटणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. पुष्कळ तबकड्यांना कंपनीने कुलूप घातलेले असते. 2012 साली या कायद्यात सुधारणा झाली. तेव्हापासून हक्काचा भंग करण्याच्या हेतूने असे कुलूप तोडणेही गुन्हा ठरते. म्हणून या पाठात सांगितलेली रीत आपल्या घरच्या तबकड्यांसाठी वापरा. वाचनालयातून किंवा मित्राकडून आणलेली तबकडी पाहा आणि परत करा.

विद्यार्थीमित्रांनो, 'आलम आरा'च्या वेळी फिल्मची प्रत काढणे खर्चाचे काम होते. आज तुमच्या घरात एक साधा संगणक हे काम पाव तासात करतो. साधन हाताशी आहे. हवी आहे ती फक्त आठवण आणि थोडी शिस्त. या रविवारी कपाटाचा तो वरचा कप्पा उघडा. नाव न लिहिलेली ती तिसरी तबकडीसुद्धा लावून पाहा. कदाचित तिच्यात तुमचे स्वतःचे पहिले पाऊल असेल. आणि फुफूच्या लग्नाच्या तबकडीची हुबेहूब नक्कल तयार झाली, की दादीजानना समोर बसवा आणि आवाज थोडा मोठा करा.

शब्दार्थ

तबकडी – गोल, चपटी चकती
हयात – जिवंत
झुंबड उडणे – खूप गर्दी होणे
कुजणे – सडणे
सावरणे – सांभाळून घेणे
संक्षेप – थोडक्यात केलेले रूप
बारकावे – बारीकसारीक तपशील
ताळा – उत्तर बरोबर आहे की नाही, हे पाहण्याची रीत
ताडून पाहणे – तुलना करून तपासणे
शेरा – थोडक्यात लिहिलेले मत किंवा नोंद

स्वाध्याय

प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भारतातील पहिला बोलपट कोणता?
(आ) तबकडीत चित्र कोणत्या रूपात साठवलेले असते?
(इ) सीडीची कोणती बाजू अधिक नाजूक असते?
(ई) तबकडी पुसताना हात कसा फिरवावा?

प्र. 2. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ओरखडे असूनही तबकडी का चालते?
(आ) नक्कल आणि संक्षेप यांत काय फरक आहे?
(इ) 3-2-1 हा नियम तुमच्या शब्दांत सांगा.
(ई) 'तबकडी आपली असते. चित्रपट मात्र ज्यांनी बनवला त्यांचा असतो.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

प्र. 3. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(ताळा, डबा, ऊन)
(अ) लिहिलेल्या तबकडीतले रंगद्रव्य ______ लागल्याने फिके होते.
(आ) चित्र न बदलता एमकेव्ही फाइल करणे म्हणजे फक्त ______ बदलणे.
(इ) दोन्ही प्रतिमांचा ______ जुळला पाहिजे.

प्र. 4. गणित करा. 5, 2, 8, 6 या रांगेचा ताळा पाठात दिलेल्या रीतीने काढा. नंतर 2 आणि 8 यांची अदलाबदल करून पुन्हा काढा. काय फरक पडला?

प्र. 5. नक्कल, अस्सल, हुबेहूब, हयात, कातिब असे उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आढळणारे आणखी पाच शब्द शोधून लिहा.

उपक्रम : घरातील सर्व तबकड्यांची यादी करा. प्रत्येक तबकडीत काय आहे, ती कोणत्या वर्षाची आहे आणि चालते की नाही, हे यादीत लिहा. सर्वांत आधी कोणत्या तबकडीची नक्कल करावी, हे घरातील मोठ्या माणसांना विचारून ठरवा.